विनोदातील नाविक आणि मराठीतील दर्यावर्दी : भाषेच्या अंगाने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी रंजनपर वाङ्मयात नाविक हे एक ठरीव पात्र आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या सुखात्मिकांपासून विसाव्या शतकातील नभोवाणीच्या मालिकांपर्यंत ते सातत्याने वावरताना दिसते. आणि प्रेक्षक त्यास त्याच्या पोशाखापेक्षाही त्याच्या बोलण्यावरून ओळखतो. मराठीची स्थिती याहून निराळी आहे. ज्या भाषेच्या राज्यकर्त्यांनी सतराव्या शतकात स्वतःचे आरमार उभारले, ज्या भाषेच्या किनाऱ्यावर आजही तांडेल, सारंग, नाखवा ही आडनावे नांदत आहेत, त्या भाषेच्या तमाशात, प्रहसनात, नाटकात वा चित्रपटात विनोदी नाविक असा साचा कधीही रूढ झाला नाही. एखादे तुरळक पात्र कोठे आले असेल; परंतु प्रेक्षकाने पाहताक्षणी ओळखावे आणि तोंड उघडण्यापूर्वीच हसावे, असे पात्र झाले नाही. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारण्यास विशेष कारण आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी करवीर दरबारात जे आज्ञापत्र सिद्ध केले, त्यात आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्याची बांधणी, शिबंदी, शिस्त, इतकेच नव्हे तर जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्याफणसाच्या झाडांची घ्यावयाची काळजी, यांचाही विचार केलेला आहे. मालवणचे बंदर व सिंधुदुर्ग हे करवीरकरांकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. तो पुढे परत मिळाला, परंतु १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. म्हणजे घाटावरील हे नगर एके काळी एका दर्यावर्दी सत्तेची राजधानी होते. तरीही या नगरातील रंजनाच्या परंपरेत, म्हणजे तिच्या शाहिरीत, तमाशात व चित्रपटात, समुद्र फार थोडा येतो आणि समुद्रावरचा माणूस हसवीत तर जवळजवळ येतच नाही.

या प्रश्नाचे उत्तर केवळ वाङ्मयेतिहासातून मिळणार नाही, असे वाटते. विनोदी नाविक हा मुख्यतः भाषेचा विनोद आहे. म्हणून प्रथम त्या विनोदाची भाषिक घडण पाहू आणि नंतर मराठीकडे वळू.

२. इंग्रजीतील परंपरा

विल्यम काँग्रीव्हच्या ‘लव्ह फॉर लव्ह’ या १६९५ च्या सुखात्मिकेत बेन नावाचा एक नाविक आहे. बऱ्याच वर्षांनी तो घरी परततो आणि वडिलांनी योजिलेल्या मुलीशी प्रेमालाप करू लागतो. तो बोलतो ते प्रेमाविषयी. शब्द मात्र सारे बंदर, वारा, नांगर व दोरखंड यांचे. पुढील दोनशे वर्षांतील नाविक पात्रांचे मूळ येथे सापडते, असे म्हणावयास हरकत नाही.

टोबायस स्मॉलेट याने हे पात्र अधिक भरीव केले. तो स्वतः १७४१ च्या कार्ताहेना मोहिमेत शल्यवैद्याचा मदतनीस म्हणून गेलेला होता. नाविकांची बोली त्याने प्रत्यक्ष ऐकलेली होती. ‘रॉडरिक रँडम’ (१७४८) मधील टॉम बोलिंग आणि ‘पेरिग्रिन पिकल’ (१७५१) मधील कमोडोर ट्रनियन ही त्याची दोन पात्रे. हा ट्रनियन निवृत्त होऊन जमिनीवर राहतो. पण त्याच्या घराभोवती खंदक आहे, आत निजावयास झुले आहेत आणि नोकर जहाजावरच्याप्रमाणे पहारे बदलतात. स्वतःच्या लग्नास घोड्यावरून जात असता वारा समोरून आहे म्हणून तो सरळ रस्त्याने न जाता शेतांतून तिरपा, कधी या अंगास तर कधी त्या अंगास वळत जातो. शिडाच्या जहाजास समोरच्या वाऱ्यात तसेच जावे लागते. घोड्यास त्याची गरज नसते, आणि या विसंगतीतच सारा विनोद आहे.

एकोणिसाव्या शतकात डग्लस जेरल्डचे ‘ब्लॅक-आइड सूझन’ (१८२९) हे नाटक अत्यंत लोकप्रिय झाले. जेरल्ड लहानपणी नौदलात होता आणि त्यातील विल्यम या नाविकाची भूमिका करणारा नट टी. पी. कुक हाही नौदलात राहिलेला होता. हे नाटक अश्रूंचे आहे. पण त्यातील नायक दुःखातही समुद्राच्याच उपमा वापरतो, आणि प्रेक्षक एकाच वेळी रडतो व हसतो. याच शतकाच्या उत्तरार्धात गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या ‘एच. एम. एस. पिनाफोर’ (१८७८) या संगीतिकेने निशाणा बदलला. आदल्याच वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तके व वृत्तपत्रे विकणाऱ्या व्यापारी घराण्यातील राजकारणी गृहस्थास आरमारखात्याचे मंत्रिपद मिळाले होते. समुद्रावर कधीही न गेलेला माणूस आरमाराचा प्रमुख होतो, ही गोष्ट गिल्बर्टने सर जोसेफ पोर्टर या पात्राच्या मुखी आत्मप्रशंसा म्हणून घातली. येथपर्यंत हास्याचा विषय असलेला नाविक येथे हसणाऱ्याच्या बाजूस गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

विसाव्या शतकात ‘द नेव्ही लार्क’ ही बी. बी. सी. ची नभोवाणीमालिका १९५९ पासून १९७७ पर्यंत चालली. तिच्यातील नौकानयनाची जबाबदारी असलेला तरुण अधिकारी जहाज वळविण्याच्या आज्ञा मोटार चालविणाऱ्याच्या भाषेत देतो, आणि दर वेळी ते जहाज कशावर तरी आदळते. ट्रनियनचा विनोद येथे उलटा झालेला आहे. ट्रनियन जमिनीवर समुद्राची भाषा वापरतो. हा अधिकारी समुद्रावर जमिनीची भाषा वापरतो. दुसऱ्या महायुद्धात लाखो ब्रिटिश स्त्रीपुरुषांनी नौदलात वा त्याच्या आश्रयाने काम केले होते. त्यांस योग्य आज्ञा कोणती हे ठाऊक होते, म्हणूनच चुकीची आज्ञा ऐकून हसू येत होते. याच सुमारास, १९६५ ते १९६८ या काळात, ‘राउंड द हॉर्न’ या मालिकेतील दोन पात्रे पोलारी या गुप्त बोलीत बोलत. नाटकमंडळ्या, सर्कस आणि व्यापारी जहाजांवरील नोकरवर्ग यांच्यात वाढलेली ही बोली इटालियन, रोमानी, उलट्या अक्षरांचे शब्द यांचे मिश्रण होती, आणि ती मुख्यतः समलिंगी पुरुषांचे परस्परांस ओळखण्याचे साधन होती. निम्मे श्रोते शब्दांच्या नादास हसत. उरलेल्यांस अर्थही कळत असे.

३. या विनोदाच्या अटी

वरील उदाहरणांवरून या विनोदाची घडण सांगता येते. एका व्यवसायाची परिभाषा तिच्या क्षेत्राबाहेर नेऊन वापरली असता शब्द आणि प्रसंग यांत विसंगती उत्पन्न होते. परंतु ही विसंगती हास्यकारक होण्यासाठी काही गोष्टी आधीच सिद्ध असाव्या लागतात. त्या चार आहेत.

पहिली गोष्ट अशी की, प्रेक्षकास ती परिभाषा निदान अर्धवट तरी समजली पाहिजे. जो शब्द मुळीच कळत नाही तो कंटाळा आणतो. जो पूर्ण परिचित असतो तो विसंगत वाटत नाही. दुसरी गोष्ट, तो व्यावसायिक प्रेक्षकाच्या रोजच्या जगात दिसला पाहिजे. लंडन हे स्वतःच बंदर होते. रजेवर आलेला, हाती पगार खुळखुळणारा नाविक तेथील रस्त्यांवर नित्य दिसे, आणि ज्या कुटुंबातला कोणी ना कोणी सक्तीच्या भरतीत पकडून नेला गेला होता, अशी कुटुंबेही प्रेक्षागृहात असत. तिसरी गोष्ट, अधिकारी आणि हाताखालचा माणूस यांची भाषा एक, पण बोली दोन असल्या पाहिजेत. वरच्याची शुद्ध व खालच्याची रांगडी अशी तफावत ऐकणारास तत्काळ जाणवते आणि पायरीचा सारा विनोद तीतून निघतो. चौथी गोष्ट मनोवृत्तीची आहे. ती संस्था इतकी सुरक्षित व आपलीशी वाटली पाहिजे की, तिच्यावर हसल्याने काही बिघडत नाही अशी खात्री असावी. पिनाफोरवर इंग्लंड हसले, कारण त्या वेळी इंग्लंडच्या आरमारास समुद्रावर कोणी प्रतिस्पर्धी उरलेला नव्हता.

४. मराठीतील समुद्राची शब्दसंपत्ती

आता मराठीकडे वळू. मराठीत समुद्राची परिभाषा नाही, असे मुळीच नाही. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) चाळला असता ती विखुरलेली, परंतु विपुल आढळते. तिची उगमस्थाने पाहिली म्हणजे तिचे स्वरूप ध्यानात येते.

अरबी व फारसी हा तिचा एक मोठा स्रोत आहे. ‘नाखवा’ हा शब्द फारसी ‘नाखुदा’ याचे रूप होय; त्याचा अर्थ नावेचा धनी. ‘सारंग’ हा फारसी ‘सरहंग’ म्हणजे नायक यापासून आला. ‘खलाशी’ अरबी, ‘बंदर’ फारसी. ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’ वरून आला. ‘गुराब’ या लढाऊ जहाजाचे नाव अरबीत डोमकावळ्याचे आहे. ‘तांडेल’ हा शब्द दक्षिणेकडील असून त्याची भावंडे मल्याळम व तेलुगू यांत आहेत. ‘आरमार’ आणि ‘कप्तान’ हे पोर्तुगीजांनी दिले. शीड, वल्हे, नाव ही देशी भर या सर्वांच्या बरोबरीने नांदते. ज्या समुद्रावर अरब, गुजराती, मलबारी, पोर्तुगीज आणि कोकणी माणसे एकाच वाऱ्यावर येजा करीत, त्या समुद्राची ही भाषा आहे.

हीच भाषा पुढे इंग्रज कंपनीच्या जहाजांवर गेली. तेथील हिंदी खलाशांस इंग्रज ‘लास्कर’ म्हणत. हा शब्द फारसी ‘लष्कर’ वरून आलेला असून मराठीत त्याचा अर्थ आजतागायत भूमीवरील सैन्य असाच आहे. इंग्रजांनी ज्या नावाने आपल्या दर्यावर्दी माणसांस ओळखले, ते नाव आपल्या भाषेत समुद्राचे कधी झालेच नाही. या खलाशांच्या बोलीचा कोश टॉमस रोबक या अधिकाऱ्याने १८११ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केला, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती जॉर्ज स्मॉल याने १८८२ मध्ये काढली. हिंदुस्थानी वाक्यरचनेत अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी शब्द गुंफलेली ही बोली होती. पुढच्या शिडास तीत ‘तिरकट’ म्हणत आणि तो शब्द पोर्तुगीज आहे. कोश कोणासाठी होता, हेही महत्त्वाचे आहे. आज्ञा देणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यास आज्ञा घेणाऱ्या खलाशाची भाषा यावी, यासाठी तो होता. अलीकडे अमिताव घोष यांनी ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या कादंबरीत या कोशाचा मनःपूत उपयोग केला आणि त्या बोलीतील हास्यरस प्रथमच मोठ्या वाचकवर्गापर्यंत नेला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी रंजनपर वाङ्मयात मात्र लास्कर बोलत नाही. डिकन्सच्या ‘एडविन ड्रूड’ (१८७०) मध्ये आणि कॉनन डॉइलच्या १८९१ च्या एका शेरलॉक होम्स कथेत तो अफूच्या अड्ड्यावर, अंधारात, बहुधा मुकाच आढळतो. इंग्रज नाविकाची बोली रंगभूमीवर गाजत असता त्याच जहाजांवरील दुसऱ्या बोलीस तेथे प्रवेश नव्हता.

५. मराठीत हा साचा का घडला नाही?

वर सांगितलेल्या चार अटी आता मराठीस लावून पाहू.

पहिली अट परिभाषेच्या परिचयाची. मराठी रंजनाचा मोठा प्रेक्षक देशावरचा होता. त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये सह्याद्री आहे. समुद्रावर उपजीविका करणारे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी हे समाज घाटाखाली राहिले, आणि शास्त्राधार सांगणाऱ्या वर्गात समुद्रगमन निषिद्ध होते. परिणामी समुद्राचे शब्द घाट चढून वर आले ते अर्थ बदलूनच. ‘खलाशी’ हा शब्द घेऊ. रेल्वे व जमीनमोजणी या खात्यांत साध्या कामकऱ्यास खलाशी म्हणत; देशावरील कित्येक कुटुंबांत हा शब्द समुद्राशिवायच आला. दुसरे उदाहरण ‘नांगर’ या शब्दाचे. शेतीचा नांगर संस्कृत ‘लांगल’ यापासून आला. जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’ याचे रूप आहे. दोन भिन्न कुळांचे शब्द मराठीत एकरूप झाले. इंग्रजी प्रहसनकाराच्या हाती असा श्लेष लागता तर त्याने त्यावर एक अख्खा प्रवेश रचला असता: शेतकऱ्यास नांगर उचलावयास सांगितले असता तो बैल कोठे म्हणून विचारतो, एवढेच त्यास पुरे होते. परंतु या श्लेषासाठी दोन्ही अर्थ एकाच वेळी मनात जागे व्हावे लागतात. घाटावर पहिला अर्थ जागा असतो, किनाऱ्यावर दुसरा. एकाच प्रेक्षागृहात दोन्ही क्वचितच.

हे खरे की, सुकाणू हाती घेणे, शिडात वारा भरणे, किनाऱ्यास लागणे, ओहोटी लागणे असे वाक्प्रचार प्रमाण मराठीत सर्रास आहेत. पण ते लेखांत व भाषणांत वापरले जातात. त्यांतील समुद्र सुकून गेलेला आहे. सहकारी संस्थेचे सुकाणू हाती घेणाऱ्या माणसाचे कोणास हसू येत नाही. त्यामागे जहाज कोणी पाहतच नाही. संतवाङ्मयातील भवसागर व नाव यांचेही असेच आहे. तेथे समुद्र हा तत्त्वविचाराचा विषय होतो. खारट पाण्याचा वास त्यास येत नाही.

दुसरी अट नित्यदर्शनाची. मराठी गावात, बाजारात, पाटलाच्या वाड्यासमोर नित्य दिसणारा गणवेशधारी माणूस खलाशी नव्हता. तो हवालदार होता. मराठी विनोदात ती जागा त्याने घेतली. तमाशातील सोंगाड्याच्या परंपरेतून हा हवालदार आला, आणि वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी त्यास सर्वतोमुखी केले. वरिष्ठापुढे वाकणारा, पाठ फिरताच त्याची खिल्ली उडविणारा, हुकमाचा शब्दशः अर्थ घेऊन त्याचा फज्जा उडविणारा हा हवालदार आणि इंग्रजी प्रहसनातील धूर्त नाविक हे एकाच कामाचे दोन कारागीर होत. म्हणून मराठीस गणवेशाचा विनोद साधला नाही असे म्हणता येणार नाही. तो साधला, तो जमिनीवर साधला.

कोकणी माणूस मराठी विनोदात नाही, असाही याचा अर्थ नव्हे. पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा रत्नागिरीचा आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक १९८० पासून मालवणी बोलीच्या बळावर गाजले. परंतु ‘वस्त्रहरणा’तील हास्य गावच्या नाट्यप्रयोगाचे आहे, तेथे दशावतार आहे, सरपंच आहे, गाऱ्हाणे आहे, होडी नाही. किनाऱ्याची बोली रंगभूमीवर आली; किनाऱ्याचा व्यवसाय आला नाही.

तिसरी अट भाषेच्या पायऱ्यांची. आंग्र्यांच्या काळी गुराबांवर मराठी व किनाऱ्यावरील मिश्र बोली बोलल्या जात असतील. पण कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गास आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थानही खालसा झाले. आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ मध्ये सांगलीस झाला. नाटक जन्मास आले तेव्हा आरमार उरलेले नव्हते. त्यानंतर मराठी खलाशी ज्या जहाजांवर चढला, तेथील आज्ञेची भाषा इंग्रजी वा खलाशी हिंदुस्थानी होती. कप्तान आणि खलाशी हे एका भाषेच्या दोन पायऱ्यांवर उभे नव्हते. ते दोन भाषांत उभे होते. त्यांच्या संवादातून उपजणारा विनोद मराठी रंगभूमीवर आणावयाचा तर तो मराठीत राहत नाही.

चौथी अट सुरक्षिततेची. मराठीत आरमार हे गौरवाचे स्थान आहे. १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग, दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी, सरखेल कान्होजी ही नावे आपण आदराने उच्चारतो. इंग्रजांनी कान्होजीस चाचा ठरविले. क्लेमेंट डाउनिंगच्या १७३७ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘अँग्रिया चाचा’ असा उल्लेख आहे. करवीरच्या मालवणातील नाविकांसही ‘मालवण’ या नावाने ते चाचेच म्हणत. या आरोपाचे निरसन करण्यात आपल्या इतिहासलेखनाची दोन पिढ्यांची शक्ती गेली. ज्याची अब्रू राखावयाची असते त्यावर आपण हसत नाही. चित्रपटातही हेच दिसते. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन होऊन पुढे पुण्यास गेलेल्या प्रभात कंपनीने १९३६ मध्ये ‘अमर ज्योती’ हा हिंदी चित्रपट काढला. दुर्गा खोटे यांनी साकारलेली त्यातील सौदामिनी जहाजावर सत्ता गाजविते. पण ती अन्यायाचा सूड घेणारी करारी स्त्री आहे. तेथे समुद्र वीररसासाठी आहे.

६. कोळीगीत : हास्याऐवजी हुरहूर

मग मराठी रंजनात दर्यावर्दी आला कोठे? तो गीतात आला. किनाऱ्यावरील कोळी समाजाच्या गाण्यांच्या चालीवर शान्ता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते घाटमाथ्यावरील घराघरांत पोहोचली. या गीतांत नाखवा आहे, सारंगा आहे, डोलकर आहे, वादळवारा आहे. पण यांतील दृष्टी पुष्कळदा किनाऱ्यावर थांबलेल्या स्त्रीची आहे. होडी गेली, ती परत येईल काय, हा त्यांचा स्थायीभाव. इंग्रजी नाविक पात्र किनाऱ्यावर येऊन समुद्राची भाषा बोलते. मराठी कोळीगीत किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे पाहते. पहिल्यातून हास्य निघते, दुसऱ्यातून हुरहूर.

येथे शब्दार्थाचा एक प्रवास नोंदविण्याजोगा आहे. ‘सारंगा’ हे संबोधन देशावरील श्रोत्यास प्रियकराचे लाडके नाव वाटते; काहींस हरिण वा पक्षी आठवतो, कारण संस्कृत ‘सारंग’ हा निराळा शब्द त्यास ठाऊक असतो. मुळात तो जहाजावरील खलाशांच्या प्रमुखाचा हुद्दा आहे. ‘डोलकर’ या शब्दात घाटावरचा श्रोता डोलणे ऐकतो. किनाऱ्यावर ‘डोल’ हे भरतीओहोटीच्या प्रवाहात लावावयाचे पिशवीच्या आकाराचे जाळे आहे, आणि ते लावणारा तो डोलकर. हुद्द्याचे संबोधन झाले. जाळ्याची लय झाली. गीताच्या गोडीस याने बाध येत नाही, उलट ती वाढलीच असेल. परंतु परिभाषा अशा रीतीने भावनेत विरघळली म्हणजे तिच्यावर विनोद रचता येत नाही. कारण विनोदास शब्दाचा नेमका, कोरडा, व्यावसायिक अर्थ लागतो.

७. १९४६ : शब्दांवरून पेटलेला उठाव

विनोद का नाही, याचे आणखी एक उत्तर मुंबईच्या बंदरात मिळते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशप्रशिक्षण केंद्रातील हिंदी खलाशांनी काम बंद केले. त्यांच्या गाऱ्हाण्यांत निकृष्ट अन्न होते, पगार व वागणुकीतील भेदभाव होता. आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांस उद्देशून वापरलेले अपमानास्पद शब्द, हे एक प्रमुख गाऱ्हाणे होते. संदेशवहन हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी उठावाची वार्ता बिनतारी यंत्रणेवरून इतर जहाजांस कळविली. काही दिवसांत सुमारे २०,००० खलाशी त्यात सामील झाले. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला, दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. २३ फेब्रुवारीस खलाशांनी शरणागती पत्करली.

भाषेच्या अभ्यासकास या घटनेत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. इंग्रजी नभोवाणीमालिकेत वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या माणसावर खेकसतो आणि श्रोते हसतात. कारण शिवी देणारा आणि ती खाणारा एकाच घरचे आहेत, हे दोघांस आणि ऐकणारासही ठाऊक असते. ‘तलवार’ वर तसे नव्हते. तेथील शब्द माणसाच्या जन्माविषयी, वंशाविषयी होते, आणि ते ऐकून घेण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. बोलण्याचा प्रकार एकच. बोलणाऱ्यांचे नाते बदलले की हास्याच्या जागी संताप येतो. या उठावावर नाटक झाले ते बंगालीत. उत्पल दत्त यांचे ‘कल्लोल’ १९६५ मध्ये कलकत्त्याच्या मिनर्व्हा रंगमंदिरात आले, आणि त्याच वर्षी त्यांस तुरुंगवास घडला. ज्या बंदरात उठाव झाला त्या बंदराच्या भाषेत हा विषय रंगभूमीवर तितक्या जोमाने उभा राहिला नाही, ही गोष्ट आपण नोंदवून ठेवावी.

८. समारोप

एकूण विवेचनाचा निष्कर्ष असा की, विनोदी नाविक हे पात्र केवळ आरमार असल्याने वा नसल्याने निर्माण होत नाही. परिभाषेचा अर्धपरिचय, नित्यदर्शन, एका भाषेतील पायऱ्या आणि हसण्याइतकी निश्चिंतता या चारही गोष्टी एकत्र आल्या तरच ते घडते. इंग्लंडात त्या अनेक शतके एकत्र नांदल्या. महाराष्ट्रात पहिलीच्या आड सह्याद्री आला, दुसरीची जागा हवालदाराने घेतली, तिसरी परकी सत्ता आल्यावर तुटली आणि चौथी इतिहासाच्या अभिमानाने व अपमानाने होऊ दिली नाही. मराठी माणसास विनोदबुद्धी कमी आहे, वा समुद्राचे त्यास वावडे आहे, अशी ठोकळ विधाने या विषयात उपयोगाची नाहीत.

तथापि यातून अभ्यासकांवर एक काम येऊन पडते. ज्या बोलीचा विनोद झाला नाही, तिची लेखी नोंदही थोडीच झाली. इंग्रजी नाविकांची बोली प्रहसनांनी आणि कादंबऱ्यांनी जपली, तसे जपणारे साधन आपल्याकडे नव्हते. यांत्रिक होड्या आल्या, शिडे गेली. शिडांबरोबर त्यांच्या दोऱ्यांची, गाठींची, वाऱ्यांच्या दिशांची नावेही जात आहेत. किनाऱ्यावरील वृद्ध तांडेल आपसांत थट्टा करतात, एकमेकांस टोमणे मारतात, नवशिक्यास फसवितात. त्यांच्या त्या बोलण्यात हा विनोद आजही जिवंत असणार. कोशकाराची प्रश्नावली घेऊन केवळ वस्तूंची नावे विचारीत गेल्यास तो हाती लागणार नाही. नावेवर बसून, काम चालू असता, माणसे परस्परांशी बोलत असता तो टिपावा लागेल. मालवण, देवगड, विजयदुर्ग, हर्णै या बंदरांतून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असे संकलन हाती घेतल्यास मोल्सवर्थनंतर थांबलेले एक काम पुढे जाईल. ते विद्यार्थी कोल्हापुरातून घाट उतरून जातील, तर ज्या दरबारात आज्ञापत्र लिहिले गेले, त्या गावाने आरमाराची भाषाही सांभाळली, असे म्हणता येईल.